एका सावलीची नमाज

मदिनाला इस्लामपूरच्या घरी देऊन तीन-चार महिने झाले होते. दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं आणि त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर तिचं लग्न उरकलं. लेक वाटेला लागली आणि तिची आई हुरमत अंथरुणाला लागली. त्या दिवशी अंगणातल्या मेढीची सावली मेढीएवढी झाली तरी हुरमत बाहेर आली नाही, तेव्हा ओट्यावर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या सासूला, रहिमतबीला चैन पडेना.

“बाबालाल, तुज्या बायकूची वेळ झाली की रं,” ती म्हणाली. “हाक मार तिला.”

पडवीत कापूस पिंजत बसलेल्या बाबालालनं कमानीची तात हातानं धरून थांबवली. आत जाऊन बघितलं. हुरमत पडल्या पडल्याच नमाज पढत होती. हात उचलत नव्हते, नुसते ओठ हलत होते. तो तसाच बाहेर आला.

“चाललीय तिची.”

“मंग असूं दे,” रहिमतबी म्हणाली आणि सावलीकडं बघत बसली. तिची स्वतःची वेळ व्हायला अजून अवकाश होता.

कुंडलच्या त्या आळीत पिंजाऱ्याच्या घरची ही गंमत सगळ्यांना ठाऊक होती. दिवस कलल्यावरची नमाज सून एका सावलीला पढायची आणि सासू दोन सावल्यांना. मेढीची सावली मेढीएवढी झाली की हुरमत मुसल्ला अंथरी. दुप्पट झाली की रहिमतबी. मधल्या वेळात हुरमत चहा ठेवी आणि दोघी ओट्यावर बसून तो पीत. एकीची नमाज झालेली, दुसरीची व्हायची. शेजारचा केरबा म्हणायचा, “पिंजाऱ्याच्या घरात देव एकच, पर घड्याळं दोन हायती.”

कारण असं, की हुरमत कोकणातली. बाबालालचा बाप दर साल सुगीनंतर पिंजायची कमान खांद्यावर टाकून कुंभार्ली घाट उतरायचा आणि खाडीकाठच्या गावांतून सावरीच्या कापसाच्या गाद्या, उशा भरून द्यायचा. एका गावी ज्यांच्या ओटीवर तो मुक्काम टाकायचा ते हुरमतचे वडील. दिवसा होडी वल्हवायचे, संध्याकाळी मशिदीत पोरांना कुराण शिकवायचे. तिथंच सोयरीक ठरली. कोकणातले मुसलमान इमाम शाफईंच्या रीतीनं चालणारे, घाटावरचे इमाम अबू हनीफांच्या. दोघंही फार जुन्या काळचे, धर्माच्या कायद्याचा अर्थ लावणारे मोठे विद्वान. दीन एकच, पण बारीकसारीक गोष्टींत दोघांचा निवाडा वेगळा. नमाजेची ही वेळ त्यातलीच.

लग्नात हुरमतच्या वडिलांनी एवढंच मागून घेतलं होतं, की पोरगी तिच्या इमामाच्या रीतीनं नमाज पढेल, तिला कुणी मोडता घालू नये. रहिमतबी तेव्हा तरणीताठी आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली होती, “नमाज तुमच्या पोरीची, चूल माजी.”

चुलीचा अर्थ हुरमतला पहिल्याच माहेरपणानंतर कळला. येताना तिनं ओल्या गोणपाटात बांधून तिसऱ्या आणल्या होत्या. खाडीच्या चिखलातले ते लहान शिंपले. भरती ओसरली की बायका टोपल्या घेऊन काढतात आणि ओल्या खोबऱ्यात त्यांचं सार करतात. शाफई रीतीत दर्यातलं सगळं चालतं. हनफी रीतीत पाण्यातलं खायचं ते फक्त मासा. रहिमतबीनं गाठोडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या अजून जित्या होत्या, टाकवेनात, म्हणून हुरमतनं त्या ओढ्यात नेऊन सोडल्या. गोड्या पाण्यात त्या जगत नाहीत हे तिला माहीत होतं. त्यानंतर तिनं तिसऱ्यांचं नाव काढलं नाही.

माहेरचं तिच्याजवळ राहिलं ते इमामांचं बोलणं. मदिनाची वेणी घालताना ती सांगायची. आमच्या इमामांचा बाप ते तान्हे असतानाच गेला. आईनं त्यांना गाझाहून उचललं आणि मक्केला आणलं. घरात कागदाला पैसा नव्हता, तर ते पोर हाडांवर लिहून शिकलं. पुढं मदिनेला गेले, बगदादला गेले, मोठेमोठे त्यांच्यापाशी शिकायला येऊन बसले, आणि शेवटी मिसर देशात त्यांची माती झाली. “जल्मले कुठं आन निजले कुठं,” असं म्हणून ती वेणीला गाठ मारायची.

रहिमतबी ओट्यावरून चिडवायची, “तुजा इमाम मास्तर, माजा इमाम कापडाचा येपारी. आमी पिंजारी. सांग, जवळचा कोण?” त्यावर सून नुसती हसायची.

आता ती हसत नव्हती. कावीळ झाली होती, ती उतरलीच नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, बाबालालला बाहेर घेतलं आणि तिला खावंसं वाटेल ते खाऊ घाला, असं सांगितलं. त्याचा अर्थ त्याला समजला. पण तिला काही खावंसंच वाटत नव्हतं. पेज दिली तर दोन घोट, दूध दिलं तर तेही नको.

माघ निम्मा सरला तेव्हा एका सकाळी केरबा दुलई न्यायला आला आणि पडवीत तंबाखू मळत बसला. आत हुरमत तापात होती. एकाएकी तिचा आवाज आला, बाबालालनं लग्नाच्या वर्षी ऐकला होता तसा, कोकणी हेलाचा.

“बापूस, भरती गेली काय? तिसऱ्यांना जायचंय.”

केरबाचा हात थांबला. “काय म्हणती वैनी?”

बाबालालनं त्याला सगळं सांगितलं. केरबाला मुळातच कळेना. एका अल्लाची माणसं, मग एकाला चालतं ते दुसऱ्याला का चालत नाही? आणि बायकोला चालतं तर ती आजवर गप का राहिली?  बाबालालनं दुपारची एस.टी. धरली आणि इस्लामपूरला गेला.

तिथं लेकीला आईची तब्येत सांगितली आणि मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांपुढं जाऊन बसला. मौलवीसाहेब म्हणाले, तिच्या इमामानं तिला मुभा दिली आहे, तर ती तिला आहेच. तुम्ही खाऊ नका, तिला अडवू नका. मग दाढीवर हात फिरवत त्यांनी एक हकिकत सांगितली. ज्या साली इमाम अबू हनीफा वारले, त्याच साली इमाम शाफई जन्मले, असं सांगतात. दोघांची गाठ कधी पडली नाही. पण शाफई मोठे झाल्यावर बगदादला गेले आणि अबू हनीफांच्या कबरीजवळ त्यांनी पहाटेची नमाज पढली. शाफई रीतीत त्या नमाजेत उभं राहून एक दुआ मागतात. ती त्यांनी त्या दिवशी मागितली नाही. लोकांनी विचारलं, तुमची रीत का सोडली? ते म्हणाले, या कबरीत जे निजलेत त्यांचा अदब म्हणून.

बाबालाल परत आला तो ही हकिकत पदरात बांधून, पण डोक्यात राग घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आईसमोर उभा राहिला. हुरमतला तिसऱ्या चालतात, मौलवीसाहेबांनी सांगितलंय, मी आजच घाट उतरून घेऊन येतो, असं तो म्हणाला. रहिमतबी मेढीकडं बघत राहिली. 

“तुज्या भ्यानं ती जलमभर तोंड दाबून बसली, अम्मा,” तो म्हणाला. “एक घास मागितला न्हाई तिनं.”

म्हातारीचा हात गुडघ्यावरून खाली घसरला.

आतून हुरमतनं हाक मारली. बाबालाल आत गेला. तिचे डोळे पिवळे झाले होते, पण नजर साफ होती. तिनं त्याला जवळ बसायला लावलं.

“मला कोण भ्या दावतंय?” ती म्हणाली. “मौलवीनं कबरीची गोष्ट सांगितली का तुमास्नी?”

“तुला कसं ठावं?”

“मला बापूसनं सांगितलीया. होडीत बसवून द्यायला आला तवा. म्हनला, तुजी नमाज मी मागून घेतलीया, ती तुजी. बाकी त्यांच्या घरात त्यांच्या इमामाचा अदब राख. आमच्या इमामानं मेलेल्या मानसासाठी आपली दुआ सोडली. मी जित्या मानसासाठी शिंपला सोडला, त्यात काय एवढं?” ती दमली, थोडं थांबली. “अम्मास्नी बोलू नका. आन घाट उतरू नका. तुमी येस्तवर मी असंन का न्हाई.”

दाराला एकच पडदा होता. ओट्यावर सगळं ऐकू गेलं.

बाबालाल बाहेर आला तर रहिमतबी जागेवर नव्हती. काठी टेकत ती केरबाच्या दारात गेली होती. केरबाचा मळा कृष्णेच्या काठाला. तिनं त्याला विचारलं, नदीला शिंपलं सापडतात का. केरबा म्हणाला, “लय सापडतात. पोरं खेळत्यात. पर अम्मा, तुमी काय करणार?”

“रांधणार,” रहिमतबी म्हणाली.

बाबालालनं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, की खाडीच्या तिसऱ्या वेगळ्या, नदीचे शिंपले वेगळे असतील. केरबा म्हणाला, “शिंपला त्यो शिंपला, गड्या. नदी काय न् खाडी काय, पाणीच की.” दिवस कलायच्या आत त्यानं पाण्याखालची वाळू उकरून बादली भरून आणून दिली. काळे, बोटभर लांब, जाड पाठीचे शिंपले. घाटावर त्यांना कोणी हात लावत नव्हतं.

रहिमतबीनं चूल पेटवली. घरच्या भांड्यांना शिंपला लागू नये म्हणून एक जुनी तपेली बाजूला काढली. खोबरं वाटलं, हळद, मिरची, आमसूल नाही म्हणून चिंच घातली. शिंपले आधी मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू सोडू द्यायची असते हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती एकच गोष्ट जाणत होती. सून नवी असताना एकदा शेजारणीला सांगत होती, की तिसऱ्या आपलं मीठ आपल्याबरोबर घेऊन येतात. ते म्हातारीच्या लक्षात होतं. म्हणून तिनं मीठ टाकलं नाही. आणि चाखून बघता येत नव्हतं. तिच्या इमामाच्या रीतीत ते बसत नव्हतं. वाफ नाकाजवळ घेऊन ती पुन्हा पुन्हा वास घेत राहिली.

वाटी घेऊन ती स्वतः आत गेली. बाबालालनं हुरमतला पाठीशी उशी देऊन उठवलं. ती उशी त्याच्या बापानं सावरीच्या कापसानं भरलेली होती.

“तुज्या खाडीचं,” रहिमतबी म्हणाली. “बग, जमलंय का.”

हुरमतनं वाटीत बघितलं. काळ्या पाठीचे ते लांबट शिंपले बघून तिच्या कपाळाला एक आठी पडली आणि लगेच गेली. तिनं एक घोट घेतला. मग एक शिंपला उघडून आतलं खाल्लं. बाबालालला तिच्या दाताखाली वाळू करकरल्याचं ऐकू आलं. ती चावत राहिली, सावकाश, आणि तो घास तिनं गिळला.

“मीठ?” म्हातारीनं विचारलं. “मला बगता येईना गं. चाखता येत न्हाई. मीठ हाय का त्यात?”

“हाय की,” हुरमत म्हणाली. “मीठ बरोबर हाय, अम्मा.”

तिनं निम्मी वाटी संपवली. इतकं तिनं कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं. रहिमतबीनं वाटी घेतली आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. बाहेर आल्यावर बाबालालनं तपेलीत बोट बुडवून, आईची पाठ आहे असं बघून, जिभेला लावलं. सार अगदी अळणी होतं.

त्यानं ते आईला कधी सांगितलं नाही.

फाल्गुनात हुरमत गेली. इस्लामपूरहून मदिना आली, तिला रडून रडून झोप लागली. मातीला आळीतली सगळी माणसं होती. केरबानं खांदा दिला. कबरस्तानातून परतल्यावर पुरुष अंगणात हातपाय धुऊन टेकले.  ऊन कलत होतं. बाबालाल पडवीत कमानीशेजारी बसला होता, तिला हात न लावता.

रहिमतबी ओट्यावरून उठली. हंड्यातलं पाणी घेऊन तिनं हातपाय, तोंड धुतलं, नमाजेआधीची वजू केली. आत जाऊन खुंटीवरचा मुसल्ला आणला. तो तिचा नव्हता, सुनेचा होता, कडेला कोकणातल्या बायका घालतात तसा हिरवा टाका घातलेला. तिनं तो मेढीजवळ अंथरला.

केरबानं मेढीकडं बघितलं. त्याला वाटलं म्हातारी दुःखात वेळ विसरली.

“अम्मा, आजून एकच सावली झालीया,” तो हळूच म्हणाला. “तुमची वेळ व्हायची हाय.”

“ठावं हाय मला,” रहिमतबी म्हणाली. “तिची झालीया.”

आणि ती नमाजेला उभी राहिली. सलाम फिरवून नमाज संपवून ती बसली तरी सावली फारशी वाढली नव्हती. मुसल्ल्याची घडी करून तिनं मांडीवर घेतली आणि मेढीकडं बघत राहिली. त्या दिवशी मधल्या वेळात चहा कोणी ठेवला नाही.

हुरमत बाबालाल पिंजारी सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी पहाटे कुंडल इथं वारली.