एका मशीनवर दोघी

राजेंद्र सरांनी पहिल्याच तासाला वर्गाला घाबरवून ठेवलं.

"डेटा स्ट्रक्चर म्हणजे पाठांतर नाही," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी कंप्युटरची भाषा शिकलात. आता त्या भाषेत विचार करायचा. माहिती कुठं ठेवायची, कशी ठेवायची आणि हवी तेव्हा कशी काढायची, एवढाच विषय आहे. पण दर वर्षी निम्मी पोरं यातच बुडतात. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर रडत यायचं नाही."

"सर, उरलेली निम्मी कुठं जातात?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि वर्ग खदखदला.

करुणाला हसू आलं नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी रोज फुलंब्रीहून बसनं यायची. घरातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. वडील, पुंजाराम, चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन होते. शिक्षण चाललं होतं शिष्यवृत्तीवर, आणि वर्ष बुडालं की शिष्यवृत्ती थांबणार हे ऑफिसातल्या क्लार्कनं तिला बजावलं होतं. पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय आधीच मानेवर होते. त्यात आणखी एकाची भर पडली तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद. पुंजारामनं एकदाच सांगितलं होतं, "शीक, लई शीक. पण गाडी थांबली तर पुन्हा लोटायला माझ्यात जोर नाय."

विषय मात्र तिला आवडला. अनपेक्षितपणे, जीव लावून आवडला. कागदावर चौकोन काढायचे, त्यांना बाणांनी जोडायचं, कुठला बाण आधी हलवायचा ते ठरवायचं. बसमध्ये उभ्यानं ती मनातल्या मनात बाण हलवत असे.

अडचण लॅबची होती. मशीनं बरीच होती, पण चालू कमी आणि झाकून ठेवलेली जास्त. सरांनी त्यावर सोपी तोड काढली होती: एका मशीनवर दोघं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं सांगायचं आणि जर्नल लिहायचं. करुणाच्या वाट्याला शाइस्ता आली. शहरातल्या उस्मानपुऱ्यात राहणारी, भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लहानपणापासून कीबोर्डवर बसलेली. लॅबमधल्या कीबोर्डांवरची अक्षरं पार घासून गेली होती, नुसती कोरी काळी बटणं उरली होती. शाइस्ताला त्यानं फरक पडत नसे. तिची बोटं न बघता पळायची.

"तू बोल, मैं ठोकती," ती म्हणायची. "वो लॉजिक-बिजिक अपने बस का नाय."

"अगं, मलाही टाइप करू दे की कधी."

"तू एक ओळ लिहिशील तोवर तास संपेल, अम्मा. बोल ना!"

आणि तास खरंच संपत असे, म्हणून करुणा सांगत राही. उजव्या बाजूच्या खुर्चीत, मांडीवर जर्नल घेऊन.

एकदा लिंक्ड लिस्ट, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकोनांची साखळी, शाइस्ताच्या डोक्यात शिरेना. करुणा म्हणाली, "हे बघ. गावात लाइट गेलीय. पोरं एकामागं एक हात धरून अंधारात चाललीत. प्रत्येकाला फक्त पुढच्याचा हात ठाऊक. मधल्याला बाहेर काढायचंय, तर काय करशील?"

"खेचून काढीन."

"मग त्याच्या पुढची सगळी पोरं हरवली. आधी पुढच्याचा हात धरायचा, मग मधल्याचा सोडायचा."

"हां! ऐसा बोल ना!" शाइस्तानं टेबलावर थाप मारली. "सरांच्या जागी तूच उभी राहा."

याच उस्मानपुऱ्यात एके काळी टायपिंगच्या क्लासांची रांग होती. दुपारी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटखटाट ऐकू यायचा, पावसात पत्रा वाजावा तसा. दोन वेण्यांच्या मुली डोळे मिटून बोटं बसवायच्या, परीक्षा द्यायच्या, कचेऱ्यांत चिकटायच्या. कितीतरी घरं त्या खटखटाटावर उभी राहिली. मग कंप्युटर आले, क्लास बंद पडले, तिथं कपड्यांची दुकानं लागली. टायपिंग शिकवावं लागतं हेच लोक विसरले. फोनवर अंगठा चालतो म्हणजे पोरीला सगळं येतं, असं घरच्यांनी धरलं, कॉलेजनंही धरलं. करुणाच्या घरी फोन होता. कीबोर्ड नव्हता.

प्रॅक्टिकलच्या दिवशी नियम वेगळा. एका मशीनवर एकच जण. त्यासाठी झाकलेली मशीनं उघडून, कशीबशी चालू करून ठेवलेली. बाहेरगावाहून परीक्षक बाई आल्या होत्या. टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या होत्या. उचलायची आणि तो प्रोग्राम करायचा.

करुणाला रांगेचा, म्हणजे क्यूचा प्रोग्राम आला. तिच्या छातीवरचं ओझंच उतरलं. भराभर चौकोन काढून, बाण लावून तिनं सगळा प्रोग्राम कागदावर उतरवला. बरोबर होता. ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मग ती कीबोर्डकडे वळली.

एकही अक्षर दिसेना. एक बटण दाबलं की दुसरंच उमटायचं. पुसायचं, पुन्हा दाबायचं. महिरपी कंस कुठं असतो ते शाइस्ताच्या करंगळीला माहीत होतं, करुणाला नव्हतं. बाणाची खूण शोधता शोधता कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. आजूबाजूला बटणं वाजत होती. तिचा प्रोग्राम कागदावर पुरा होता आणि पडद्यावर नुसत्या लाल चुकांचा ढीग.

परीक्षक बाई चहाला बाहेर गेल्या. शेजारच्या मशीनवरून शाइस्ताचा दबका आवाज आला, "करुणा, मर गई मैं. एक काढलं तर पुढची अख्खी लिस्ट गायब!"

करुणानं मान वर केली नाही. "आधी पुढच्याचा हात धर. मग सोड."

"या अल्ला, हां." बोटं वाजली. क्षणभरात शाइस्ताचं आउटपुट आलं. मग तिनं करुणाचा पडदा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "हे काय गं? सरक, मैं ठोकती." ती खुर्चीवरून अर्धी उठलीसुद्धा.

"शाइस्ता!" दारातून राजेंद्र सर ओरडले. "जागा सोडलीस तर पेपर काढून घेईन."

ती बसली.

परीक्षक बाई परत आल्या आणि एकेका मशीनपाशी थांबत करुणाजवळ पोचल्या. त्यांनी कागद उचलला, शांतपणे वाचला. दोन प्रश्न विचारले, करुणानं न अडखळता उत्तरं दिली. बाईंनी तिसरा विचारला, अवघड. तोही तिनं सोडवला.

"छान समजलंय तुला," बाई म्हणाल्या. "पण आउटपुट कुठंय? मला आउटपुटवर गुण द्यायचेत." त्या सरांकडे वळल्या. "सर, या मुलीला टाइपच करता येत नाही. वर्षभर हिनं लॅबमध्ये केलं काय?"

करुणानं सरांकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. आमच्याकडे एका मशीनवर दोघं बसतात, मॅडम. एवढंच.

पण प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र मशीन आहे, असं सरांनीच विद्यापीठाला सही करून दिलं होतं. कॉलेजनं सांगितलं, त्यांनी दिलं. ते तासिका तत्त्वावर नेमलेले. दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याचा भरवसा नसलेले. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला.

"मुलगी हुशार आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण प्रॅक्टिस कमी पडली तिची."

बाईंनी कागद खाली ठेवला आणि पुढच्या मशीनकडे गेल्या.

निकाल लागला. लेखी पेपरात करुणाला शाइस्ताहून कितीतरी जास्त गुण होते. प्रॅक्टिकलमध्ये ती नापास झाली होती आणि वर्ष बुडायला तेवढं पुरलं. शाइस्ता बसस्टँडवर तिला गाठायला आली.

"पुढच्या वर्षी परत दे. रोज माझ्या घरी ये, मी शिकवते तुला टायपिंग. कसम से."

"येऊ कशी? बसचा पास कॉलेजचा असतो, शाइस्ता. कॉलेज नाही तर पास नाही."

"मी त्या दिवशी उठायलाच पाहिजे होतं."

"मग आपण दोघी बुडालो असतो," करुणा म्हणाली. त्यात राग नव्हता. शाइस्ताला तो असता तर बरं वाटलं असतं.

आठवडाभरानं पुंजाराम तिला आपल्या कंपनीत घेऊन गेला, सुपरवायझरसमोर उभं केलं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. अर्जावरून नजर फिरवून खुशीत म्हणाला, "अरे वा, पुंजाराम, पोरगी कंप्युटर शिकलेली? मग पॅकिंगला कशाला? स्टोअरला एक जागा आहे, माल आला-गेला टाइप करायचा. सावलीतलं काम. येतं ना गं टाइप करायला?"

पुंजाराम मुलीकडे पाहून घाईघाईनं मान हलवू लागला.

"नाही येत," करुणा म्हणाली.

"कंप्युटरला होतीस ना?"

"होते."

सुपरवायझरनं खांदे उडवले आणि तिला पॅकिंगला लावलं. केसांवर घालायची जाळीची टोपी दिली. बाहेर आल्यावर पुंजाराम दबक्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हणायचं होतं गं. कोण पाहाया बसलं होतं?"

"लगेच बसवलं असतं ना, तात्या. मशीनवर."

पुंजारामला आणखी काही विचारायचं होतं. दोन वर्षं पोरगी तिथं करत काय होती, ते. पण गेटवर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो टोपी सावरत धावला.