एरवी बाहेर, शनिवारी आत

मी एक जुना बाक आहे. सागवानी, घाटकोपरच्या वखारीतल्या लाकडाचा. मित्रांनो, आता मी एका इस्पितळाच्या जिन्याखाली पडून असतो आणि माझ्यावर फुटक्या बादल्या ठेवतात. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. उभ्या जन्मात मी कुणाला नाही म्हटलेलं नाही, मग बादल्यांनीच काय माझं घोडं मारलंय?

पंचावन्न सालच्या सुमारास सुताराने रंधा मारून, पॉलिश करून मला इथे धाडलं, तेव्हा माझं कौतुक झालं होतं. मेट्रनबाई हात फिरवून म्हणाल्या, "झकास झालाय." मग मला सर्जरीच्या वॉर्डाबाहेर ठेवलं आणि माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. आठवडाभर माझ्यावर पेशंटची माणसं बसायची. शनिवारी मात्र धोंडू वॉर्डबॉय जोडीदाराला घेऊन मला आतल्या खोलीत न्यायचा, कारण तिथे खुर्च्या कमी पडायच्या. त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

आत मीटिंग असायची. ऑपरेशननंतर कुणाचं काही बिघडलं, की ज्या शिकाऊ डॉक्टरने तो पेशंट सांभाळला त्याने उभं राहून सगळं सांगायचं आणि काय चुकलं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, अशी रीत. मोठे सर, डॉक्टर विद्याधर कोठारे, म्हणायचे की ही शिकण्याची जागा आहे. माझ्यावर दाटीवाटीने बसणारी पोरं तिला शनिवारची साडेसाती म्हणायची. आदल्या वर्षी एकाने तिथे आपली चूक कबूल केली आणि पुढे त्याची नेमणूक काही वाढली नाही. तेव्हापासून पोरांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं: जे खोलीत नाही त्याच्या माथी मारावं. हवा, नशीब, नाहीतर नातेवाईक.

नंदकिशोर त्यांतलाच. मुलुंडचा, हुशार, पण सदा घाईत. त्याच्याकडे लवू नावाचा कोकणातला गिरणी कामगार होता. पोटातला अल्सर फुटला म्हणून कोठारेसरांनी तो शिवला होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून निघताना नंदकिशोर लवूच्या बायकोला, रत्नप्रभेला, चालता चालता म्हणाला, "त्यांना खायला काही देऊ नका हं."

ती माझ्यावरून उठली. "डॉक्टरानू, पेज चलात मा?"

तेवढ्यात त्याला थिएटरमधून हाक आली. त्याने मान डोलावली आणि तो गेला. त्याने ऐकलंच नव्हतं हे मला कळलं, पण तिला कसं कळावं? कोकणातल्या माणसाला पेज म्हणजे खाणं थोडंच आहे? ती तर आजाऱ्याच्या हक्काची. तिने घरून डब्यात पेज आणली आणि नवऱ्याला मायेने पाजली.

संध्याकाळी लवूचं पोट फुगलं. आतला टाका सुटला होता. पुन्हा ऑपरेशन झालं आणि माणूस जेमतेम वाचला. वॉर्डातली सिस्टर फणकाऱ्याने रत्नप्रभेला म्हणाली, "तुम्हीच नवऱ्याचा घात केलात." तेव्हापासून ती माझ्यावर बसून राहायची, पण वॉर्डात पाऊल टाकेना. आतून लवू क्षीण आवाजात हाक मारायचा, तरी ही जागची हलायची नाही. मला तिचं फार वाईट वाटायचं, हे सरळच सांगतो.

शनिवारी धोंडूने तिला उठवलं आणि मला आत नेलं. ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. नंदकिशोर माझ्या कडेला बसला. त्याचा दोस्त चंद्रप्रकाश कुजबुजला, "अरे, बाईने पेज पाजली, विषय संपला. बाईवर टाक आणि मोकळा हो यार."

"तिने जाताना काहीतरी विचारलं होतं रे. मी नुसती मान हलवली."

"कुणी पाहिलं?"

मी पाहिलं होतं. पण बाकाला विचारतो कोण?

नंदकिशोरने उठून केस सांगितली. कोठारेसरांनी विचारलं, "खायला देऊ नका म्हणून सांगितलं होतं?"

"हो सर."

"म्हणजे बाईंनी ऐकलं नाही. चला, पुढची केस."

चंद्रप्रकाशने सुस्कारा सोडला. नंदकिशोर मात्र खाली बसेना.

"सर, त्यांनी ऐकलं होतं. मी ऐकलं नाही. पेजेचंच विचारलं असणार त्यांनी. मी न ऐकता मान डोलावून निघून गेलो."

कोठारेसरांनी चष्मा काढून पुसला. "टाका पेजेने सुटला, की मीच तो कच्चा घातला होता म्हणून, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "बाईंना मात्र वाटतंय की आपल्यामुळेच. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो, सर."

"सांगा. तुमच्या नेमणुकीचं नंतर बघू."

नेमणूक पुढे वाढली. पण त्या दिवशी त्याला ते ठाऊक नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

मला बाहेर आणून ठेवल्यावर रत्नप्रभा येऊन बसली. नंदकिशोर तिच्या शेजारी बसला. बसलेला डॉक्टर तिने पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण ती अंग चोरून सरकली. त्याने तिला सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत, मी ऐकलं नाही, तुमची चूक नाही. तिने पदराने तोंड पुसलं. मग तिने विचारलं, "मगे आता त्येंका काय देवचा?"

तेवढ्यात थिएटरमधून हाक आली. "आलो," तो म्हणाला, पण उठला नाही. "घरी काय काय करता ते सगळं सांगा. मग काय द्यायचं आणि कधी, ते मी सांगतो."

ती सांगत होती आणि तो ऐकत होता. शेवटी तो थिएटरकडे गेला आणि ती उठून वॉर्डात, नवऱ्याच्या खाटेपाशी गेली.

मित्रांनो, मला पॉलिश करा असं मी म्हणणार नाही. फक्त कुणी काही विचारलं, तर मान हलवण्याआधी घटकाभर बसत जा. बादल्या बाजूला केल्यात, तर माझ्यावर अजून दोघांची जागा आहे.