सलोख्याची हिरवी शाल

जानेफळच्या व्याख्यानमालेत दरवर्षी तीन पुष्पं गुंफली जात. पहिलं इतिहासाचं, दुसरं शेतीचं आणि तिसरं सलोख्याचं. पहिल्या दोन वक्त्यांना भगवी शाल मिळे. तिसऱ्याला हिरवी, ती खास चिखलीहून आणली जाई, कारण सलोख्याचा वक्ता मुसलमान असे. असा काही नियम नव्हता. नियम नव्हता म्हणूनच तो कुणाला मोडता येत नव्हता.

राबिया शेख चिखलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. माहेर जानेफळचं. तुर्की सुलतानाच्या राज्यातल्या ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेवर तिने डॉक्टरेट मिळवली होती. पण गाव तिला बोलवायचं ते सलोख्यावर. ती यायची, बोलायची, शाल घेऊन जायची. घरी हिरव्या शालींचा गठ्ठा झाला होता.

यंदा ती स्वतःहून व्याख्यानमालेचे अध्यक्ष किसनराव यांच्या ओसरीवर आली.

"काका, यंदा मी पहिलं पुष्प गुंफणार. विषय, सुलतानाची बिगर-मुसलमान प्रजा आणि राज्यातल्या सुधारणा."

किसनराव सुपारी कातरत होते. "म्हंजे सलोखाच की, मॅडम. मंग तिसऱ्या दिवशीच घ्या ना."

"सलोखा नाही, इतिहास. पहिल्या दिवशी."

"अवो, पन मंग तिसऱ्या दिवशी बोलीन कोन?"

"तुम्ही."

अडकित्ता थांबला. "मी? मले काय ठावं सलोख्याचं?"

"सलोखा दोघांत असतो ना? माझी बाजू मी इतकी वर्षं सांगितली. तुमची तर अजून कुणी ऐकलीच नाही."

किसनराव भला माणूस. भल्या माणसाला नाही म्हणता येत नाही; तो दुसऱ्याकडे पाठवतो. "शाकिरभाईले इचारा," ते म्हणाले. "ते हो म्हनले, तर माही ना नाही."

शाकिरभाई हो म्हणणार नाहीत, हे किसनरावांना पक्कं ठाऊक होतं. कापडाचे व्यापारी शाकिरभाई तिसऱ्या दिवसाचे कायमचे अध्यक्ष होते. राबिया त्यांच्या दुकानात पोचली, तेव्हा बातमी तिच्या आधी पोचलेली होती.

"येडी झाली का, बेटा?" शाकिरभाई म्हणाले. "सालातून एक दिवस आपला. खुर्ची आपली, हार आपला. तू पह्यल्या दिवसात घुसली की तिसरा दिवस बंद. मंग आपल्याले इचारते कोन?"

राबिया गादीवर बसली. उठायचं नाही हे तिने येतानाच ठरवलं होतं.

"चाचा, सुलतानाच्या राज्यातही असंच होतं. प्रत्येक जमातीचा आपला धर्मगुरू, आपला मान, आपली ठरलेली जागा. जागा मुसलमानाच्या खाली, पण पक्की. मग १८५६ साली फर्मान निघालं की सगळी प्रजा बरोबरीची."

"मंग खुश झाले असतील."

"सगळे नाही. काही ग्रीक ख्रिस्ती रुसले. म्हणाले, मुसलमान आमच्या वर होते ते चालत होतं, पण आम्हाला ज्यूंच्या रांगेत काऊन बसवलं? असंही सांगतात, की फर्मान वाचून पिशवीत ठेवताना एक बिशप म्हणाला, देव करो आणि हे पुन्हा पिशवीबाहेर न येवो."

शाकिरभाईंनी ठाणाची घडी घातली. "समजदार होता बिचारा."

"चाचा."

"खुर्ची गेली असंन ना त्याची?"

"मान घटला. पण शाळा, नोकऱ्या उघडल्या. बरंच कागदावरच राहिलं, ते खरं. पण मागितल्याशिवाय कागदही मिळत नाही."

"अन् माह्या खुर्चीचं काय?"

"खुर्ची यंदाही तुमचीच. फक्त वक्ता बदला."

शाकिरभाईंचा हात ठाणावर थांबला. "म्हंजे हिरवी शाल मी किसनरावाले घालीन?"

"तुमच्याच हाताने."

"मंग माहं हो आहे," शाकिरभाई म्हणाले आणि चहा सांगितला.

पहिल्या दिवशी राबिया तासभर बोलली. सलोख्याचं एक वाक्य ऐकू येईल या आशेने लोक शेवटपर्यंत बसले. शेवटी श्रोत्यांतून निवृत्ती पाटलांनी विचारलं, "बरोबरी झाली, तर ते लोक फौजेत गेले का मॅडम?"

"बहुतेक पैसे भरून सुटले."

"मंग आपल्यासारखेच होते," पाटील म्हणाले आणि समाधानाने खाली बसले. राबियाला भगवी शाल मिळाली.

तिसऱ्या दिवशी किसनराव उभे राहिले. पाणी प्याले. "सलोखा म्हंजे," असं म्हणून पुन्हा पाणी प्याले. पहिल्या रांगेत राबिया टक लावून ऐकत होती. आजवर ते तिचं असंच ऐकत आले होते.

"शाकिरभाईच्या घरचा शिरखुर्मा मी दर ईदीले खातो," किसनराव अखेर म्हणाले. "पन पह्यल्या दिवशीचा अध्यक्ष त्याले कधी केला नाही. काऊन नाही केला, हे मले आजलोक कोनी इचारलं नाही. म्या पन नाही." पुढचं काही सुचेना, तसे ते बसले.

टाळ्या वाजल्या. शाकिरभाईंनी उठून हिरवी शाल त्यांच्या खांद्यांवर नीट बसवली आणि कानाशी म्हणाले, "मंग पुढच्या साली पह्यला दिवस माहा समजू?"

"समजा," किसनराव म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसत राबियाकडे वळले. "लय गरम होते हो हे शाल. तुम्ही काय करता हिचं?"

"हिवाळ्यात कूलर झाकते, काका."

किसनरावांनी मान डोलावली. घरी कूलर एकच होता, त्याला ही एक शाल पुरे होती. पुढच्या वर्षी सलोख्यावर कुणाला उभं करायचं, याचा विचार त्यांनी तिथंच सुरू केला.