सहा चादरी

"झाडांना माझ्या चादरी, आणि मी काय वर्तमानपत्र पांघरू?" माझ्या कानाशी पुटपुटत ह्यांनी शेवटची गाठ मारली. असली थंडी आमच्याकडे कधी पडलीच नव्हती. सासूबाईंची तीस वर्षांची बाग आम्ही संध्याकाळी सहा चादरींनी झाकली.

सकाळी दार उघडलं आणि मी जागीच थिजले. एकाही झाडावर चादर नव्हती. जास्वंद, लिंबू, टोमॅटो, सगळं उकडलेल्या पालेभाजीसारखं काळं पडून लोंबत होतं.

"वाऱ्यानं उडाल्या असतील," हे म्हणाले.

"हो ना, मेला वारा," मी म्हणाले. रात्रभर पानसुद्धा हललं नव्हतं.

शाल काढायला कपाट उघडलं, तर सहाही चादरी आत, ओलसर, कडेला कड जुळवून ठेवलेल्या. अशी घडी घरात एकाच माणसाला जमते. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला, तेव्हाही आम्ही शेगडीलाच बोल लावला होता.

ह्यांनी घाईघाईनं कपाट लावलं. पण सासूबाई मागेच उभ्या होत्या.

"वारा घड्या घालत नाही रे, बाळा," त्या म्हणाल्या. "मीच काढल्या असणार. आणि मला काहीच आठवत नाही."