कापसाखालची डाय

चंदन पाटलाच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या पेडलवर बसवायची रबरं बनत. नंदुरबारच्या एमआयडीसीत, अगदी मागच्या रांगेत. शेड त्याची, मशीन त्याचं, पण ज्या पोलादी साच्यात रबर दाबून आकाराला येई ती डाय मात्र ट्रॅक्टर कंपनीची. तिच्या अंगावर कंपनीचा नंबर ठोकलेला होता.

हे काम त्याला मिळालं ते निर्मला गावितमुळे. नवापूरकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातली मुलगी, शिकून कंपनीत इंजिनिअर झालेली. बाहेरून पार्ट बनवून देणाऱ्यांकडे बघणं हेच तिचं काम. "आमच्या जिल्ह्यातला माणूसही चांगला माल देतो, एकदा बघा तरी," म्हणून तिनं वरिष्ठांच्या मागे लागून चंदनचं नाव पुढे केलं होतं. चंदन ते विसरला नव्हता.

पण उन्हाळ्यात शेजारच्या शेडमध्ये जे घडलं, तेही तो विसरला नव्हता. नवनीतभाईंकडे त्याच कंपनीची माणसं तपासणीच्या नावाखाली आली. नवनीतभाईंनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सगळ्या डाय ट्रकमध्ये चढल्या होत्या. काम परस्पर दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. नवनीतभाई हातात कप घेऊन ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथंच उभे राहिले. चंदन आपल्या दारातून बघत होता.

म्हणून दिवाळीनंतर निर्मलाचा फोन आला तेव्हा त्याला आधी नवनीतभाईंच्या हातातला कप आठवला.

"चंदनभाऊ, गुरुवारी आम्ही येतोय. डाय मशीनवरून उतरवून, पुसून ठेवा. सोबत टेम्पो असेल."

"टेम्पो कशाला, मॅडम?"

ती जरा अडखळली. "आल्यावर सांगते."

त्या अडखळण्यानं चंदनची खात्रीच पटवली. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या कामगाराला, आमश्याला, सोबत घेतलं. डाय पिकअपमध्ये चढवली, वर रिकामी पोती टाकली आणि प्रकाशा गावच्या पुलावरून शहाद्याकडे, पुढे कळसाडीला मावशीच्या घरी नेली. भिकुबाईच्या मागच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा छातीइतका ढीग होता. डाय भिंतीशी टेकवून त्यांनी वर कापूस लोटला.

"हाई काय शे रे? चोरीनं ते नही ना?" मावशीनं विचारलं.

"नही मावशी. मन्हंच शे. पण कोणी इचारं ते सांगू नको."

मन्हंच शे, माझंच आहे, हे म्हणताना त्याला काहीच वाटलं नाही.

गुरुवारी निर्मला आली. सोबत कंपनीचे खरेदी अधिकारी योगेंद्र सोनवणे, आणि मागे ताडपत्री बांधलेला टेम्पो. साहेबांनी रिकाम्या मशीनकडे पाहिलं. "डाय कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय साहेब. सुरतला." चंदनच्या तोंडून पाठ केल्यासारखं बाहेर पडलं.

"आम्हाला न कळवता? कंपनीची वस्तू शेडबाहेर गेलीच कशी?"

चंदन काही बोलायच्या आत निर्मला पुढे झाली. "सर, माझी चूक आहे. कडा घासून घ्यायला मीच सांगितलं होतं. कागद करायचा राहून गेला."

तिनं असलं काहीही सांगितलं नव्हतं. चंदननं तिच्याकडे पाहिलं, पण तिनं नजर मिळवली नाही. तेव्हाच तो बोलू शकला असता. त्यानं मान खाली घातली आणि, खोटं का बोलायचं, त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"ठीक आहे," सोनवणे म्हणाले. "सुरतच्या माणसाला फोन लावा. व्हिडिओवर डायचा नंबर दाखवू दे, मग पुढचं बघू."

चंदननं खिशातून मोबाईल काढला. नुसताच हातात धरून उभा राहिला. लावणार कुणाला? निर्मला आता त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी होती, मग हळूहळू तिला उमगत गेलं.

"डाय कळसाडीला आहे," तो म्हणाला. "मावशीकडे. लपवली मी."

सोनवण्यांनी बाहेर जाऊन टेम्पोची ताडपत्री स्वतःच्या हातानं वर केली. आत नवीकोरी डाय होती, तेल लावलेली. नव्या मॉडेलच्या रबराची.

"ही तुमच्यासाठी आणली होती," ते म्हणाले. "मॅडम कधीच्या पाठीमागे लागल्या होत्या. मीच म्हटलं, आधी सांगू नका. जुनी जागेवर सापडली, तर नवी देऊ."

मग सगळे गाडीनं कळसाडीला गेले. भिकुबाई ओट्यावरच बसली होती. गाडीतून परकी माणसं उतरताना पाहून ती दारात आडवी उभी राहिली.

"मी कोणलेच सांगं नही, भाऊ," ती चंदनला म्हणाली आणि निर्मलाकडे वळली. "काय वं, मन्हा भाचाना पोटवर पाय देवाले वनी का तू?"

"मावशी, गप ऱ्हाय," चंदन म्हणाला. "त्यासनीच काम देयल शे माले."

मावशीचा हात चौकटीवरून खाली आला. ती बाजूला झाली आणि घरात जाऊन पाण्याचे तांबे भरू लागली. चंदन गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कापूस बाजूला करू लागला. डाय उघडी पडली तेव्हा तिच्या खाचांमध्ये तेलाला धागे चिकटले होते. तो ते नखांनी एकेक काढत बसला. त्याला वर बघायचं नव्हतं.

"तुमच्यावर भरवसा तरी कसा ठेवायचा, पाटील?" मागून सोनवणे म्हणाले.

"नवनीतभाईंनी आपल्यावर ठेवला होता, सर," निर्मला म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "डाय उचलायच्या कागदावर माझीच सही होती."

सोनवणे बाहेर गेले. आताही ती आपलीच बाजू घेतेय, हे चंदनला त्यांच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

नवी डाय आली तशी परत गेली. जुनं काम चंदनकडे राहिलं, पण अट घालून. कंपनीचा एक पोरगेला अधिकारी दर आठवड्याला येई आणि चंदनला त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात देऊन डायशेजारी उभं करून फोटो काढी. कामगार तोंड फिरवून हसू दाबत. चंदन उभा राही. निर्मला पुन्हा आली नाही. तिला त्या कामावरून काढून कारखान्यातल्या स्टोअरला बसवलंय, एवढं त्याच्या कानावर आलं.

नाताळात ती घरी येते हे त्याला ठाऊक होतं. नाताळच्या दिवशी तो नवापूरकडच्या तिच्या गावी गेला. अंगणात तिचे वडील, स्टीफन गावित, खाट सरकवत होते. नाव ऐकताच त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच का चंदनभाऊ! निर्मला नेहमी सांगते. आपल्या जिल्ह्याचं नाव राखलं म्हणते तुम्ही."

चंदनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात निर्मला आतून आली. वडील पाणी आणायला गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "घरी काही बोललेले नाही मी."

"मॅडम, मी माफी मागायला आलोय. डाय लपवायला नको होती."

"तुम्ही लपवली त्याचं मला इतकं वाईट नाही वाटलं, चंदनभाऊ. तुमच्या जागी मीही घाबरले असते." ती थांबली. "मी तुमच्यासाठी खोटं बोलत होते आणि तुम्ही मला बोलू दिलंत."

येताना वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं डायबद्दल होती.

"चला, जेवायला बसा," स्टीफन आतून म्हणाले. "सणाला आलेल्या माणसाला उपाशी नाही पाठवत आम्ही."

जातो म्हणायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं हात धुतले, पंगतीत जाऊन बसला, आणि स्टीफन वाढत गेले तसं मान खाली घालून जेवत राहिला.