धाकट्याने मारलेला दगड

"हा कुठला हो दगड?" कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेल्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

टेलर मास्तरांना एवढंच हवं असायचं. "सख्ख्या भावानं मारलेला! भर दुपारी पत्रा फोडून मशीनशेजारी आपटला. डोकं वाचलं ते नशीब. बाहेर धावलो, तर हा आपल्या गच्चीवर उभा! आदल्याच दिवशी मधल्या भिंतीवरून आमची जुंपली होती. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद होतं. भिंत एक, दारं दोन. धाकट्याने शपथा घेतल्या, रडला, शेवटी गप्प बसला. मास्तर म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. पुतणीच्या लग्नाचे कपडे दुसऱ्याच शिंप्याने शिवले. दगड मात्र मास्तरांनी फडक्यात गुंडाळून जपला होता आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला होता.

बाईंनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक उचलून दगडाला लावलं. ते चिकटलं. मग त्यांनी दगडाची काळी साल नखाने चाचपली. "तपासायला नेऊ?"

मास्तरांचे डोळे बारीक झाले. हिला धाकट्यानेच पाठवलं असणार. पुरावा एकदा हातचा गेला की बसा बोंबलत. "कोपरा तेवढा न्या," ते म्हणाले. हातोडीने एक टवका काढून दिला आणि बाई जाईपर्यंत उरलेला दगड मांडीवर धरून बसले.

महिन्याभराने बाई परत आल्या त्या हसतच. "तुकड्याचा काप काढला, घासून घासून कागदाहून पातळ केला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल दाणे दिसले, मधे लोखंडाचे कण. ही अशनी आहे, मास्तर. कॉन्ड्राइट म्हणतात त्या जातीची. खाली येताना हवेत भाजली, म्हणून साल काळी. तुमचा दगड आभाळातून पडलाय."

"किती दिवसांची ओळख तुमची?"

"कुणाशी?"

"माझ्या भावाशी."

"अहो, तुम्हाला भाऊ आहे हेसुद्धा मला तुम्हीच सांगितलंत."

"मग त्यानं कुठून तरी आणून टाकला असेल."

"त्याच दुपारी नदीपलीकडच्या शेतात दोन तुकडे पडले होते. संग्रहालयात आहेत. मी शेजारी ठेवून पाहिले. दाणे तेच, साल तीच. तेही काय तुमच्या भावानं भिरकावले?"

मास्तरांनी कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. त्यांना भयंकर लाज वाटली. बाई गेल्यावर ते दुकान उघडं टाकूनच शेजारच्या दारात गेले.

दार धाकट्याने उघडलं. मागे त्याची बायको हात पुसत उभी होती. मास्तरांनी आत पाऊलही न टाकता एका दमात सगळं सांगून टाकलं. "चुकलो रे मी," ते म्हणाले. "फार चुकलो."

धाकटा कसंनुसं हसला. "दादा, मी त्याच दिवशी सांगत होतो. तुला आभाळाची साक्ष लागली."

भावजय पुढे आली. ती मास्तरांकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "खरंच तुम्ही नव्हता टाकला?"

धाकट्याचं हसू गेलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग बाहेर येऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने जरा सरकून त्याने दादासाठी जागा केली.