अर्धं अंडं

साल १९९४. युद्ध संपून पन्नास वर्षं होत आली, तेव्हा कुठे लिंकनशायरमधल्या हॅल्बी गावाला आपल्या विमानतळावरून उडून परत न आलेल्या पोरांची नावं दगडात कोरायची सवड झाली. त्या पोरांच्या बॉम्बांनी जर्मन शहरं जळाली होती, बायकामुलांसकट. युद्ध जिंकल्यावर तो विषय सगळ्यांनाच नकोसा झाला. धावपट्टीवर बीट पिकायला लागलं.

म्युरियल डॉब्ज तेव्हा सत्तरी ओलांडलेली. युद्धात ती ट्रक चालवायची; पोरांना विमानापाशी सोडायचं काम तिचं. म्हणून दगड कोरणाऱ्या विल्फच्या अंगणात ती मुद्दाम गेली. विल्फने खडूने नावं आखून ठेवली होती, एकेका विमानाची सात-सात. जेफ पिकार्डच्या विमानाशी तिचं बोट थांबलं.

"लेस्ली हार्कट कुठाय?"

"विमानात सातच असतात, म्युरियल. शेंबडं पोरही सांगेल," विल्फ म्हणाला.

"त्या खेपेला आठ होते."

"मग डेस्मंडला विचार. मी आपला हातोडा मारणारा."

डेस्मंड पिकार्ड हा जेफचा धाकटा भाऊ. त्याचं बियाणांचं दुकान होतं, आणि या दगडासाठी दहा वर्षं दारोदार फिरला होता तोच. लेस्लीचं नाव त्याला ठाऊक होतं. लेस्लीसारख्या नव्या वैमानिकाने पहिली खेप जुन्या जाणत्यांबरोबर करायची, नुसतं बघायला, अशी तेव्हा रीतच होती. त्याचे स्वतःचे साथीदार मागे थांबत.

"त्या सातांनी एकमेकांना निवडलं होतं, म्युरियल," डेस्मंड म्हणाला. "सख्ख्या भावांसारखे होते. हा एका खेपेचा पाहुणा. त्याचं नाव त्याच्या माणसांबरोबर घाला."

"त्याच्या माणसांना दुसरा वैमानिक दिला. दोन महिन्यांनी तेही गेले. त्यांच्या ओळीत त्या दुसऱ्याचं नाव आहे."

"राजधानीजवळच्या स्मारकाच्या मोठ्या भिंतीवर आहे की त्याचं नाव."

"जेफचंही आहे. मग हा दगड कशाला उभा करतोस?"

डेस्मंड वाटाण्याच्या पिशव्या रचत राहिला. "तुम्ही हट्टाला पेटलात."

"पेटलेय. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं व्हायला नको." तिने गिऱ्हाइकांसाठीची खुर्ची ओढली आणि बसली. "जेफ ट्रकमध्ये काय बोलला, ते तुला कधी सांगितलं नाही मी."

त्याचे हात थांबले.

"उड्डाणाआधी प्रत्येकाला एक अंडं मिळायचं. एरवी अंडं दिसायचं नाही, हे तुलाही आठवत असेल. स्वयंपाक्याने जेफच्या टेबलावर सात वाढली. विमानात सात, म्हणून अंडी सात. लेस्लीचे साथीदार उडणार नव्हते, म्हणून त्या टेबलावर एकही नाही. पोरगं लाजून गप्प बसलं. मग ट्रकमध्ये जागा नव्हती, तर माझ्या शेजारी पायरीवर बसलं. मागून जेफ ओरडला, 'बये, त्या पोराला सांभाळून ने. माझं अर्धं अंडं आहे त्याच्या पोटात.'"

"जेफ असं म्हणाला?"

"म्हणाला. 'परत आलो की याच्या अंड्यातलं अर्धं मी खाणार,' असंही म्हणाला. सगळे हसले. मी त्यांना उतरवलं आणि धावपट्टीच्या टोकाला हात हलवायला जाऊन उभी राहिले, रोजच्यासारखी. विमान समुद्रात कोसळलं. समुद्राने आठ नेले, डेस्मंड. तू मला आता सात वाढतोयस."

डेस्मंडने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. म्हणाला, "अंडं द्यायला आमच्या जेफला जड जायचं. माझंसुद्धा पळवायचा." मग त्याने डोळे पुसले आणि विल्फला फोन लावला.

ओळीत जागा उरली नव्हती. विल्फने लेस्लीचं नाव जेफच्या सातांच्या खाली, जरा आत घेऊन कोरलं. पायरीवर बसल्यासारखं दिसतं ते.

पुढच्या वसंतात दगड उभा राहिला. लेस्लीची बहीण हल शहराहून आली, नावावरून हात फिरवून गेली आणि जिवंत असेपर्यंत दरवर्षी येत राहिली. विल्फ थडगी कोरता कोरता म्हातारा झाला. स्वतःचा दगड त्याने आधीच कोरून ठेवला होता, फक्त साल मुलाने घातलं. डेस्मंडने दुकान विकलं, पण दगडाभोवतीचं गवत मरेपर्यंत स्वतःच कापलं. म्युरियल नव्वदीपर्यंत जगली. पाय थकल्यावर भाचा तिला गाडीतून तिथे न्यायचा. ती काच खाली करून हात हलवायची आणि म्हणायची, "चल आता, घरी."